कुणबी कापडावरून चौक आखताना

फोंड्यात बाजाराजवळच्या एका मोकळ्या जागेचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. अट एकच: गोव्याचं कुणबी कापड, म्हणजे कुणबी-गावडा समाजाच्या बायकांचं चौकड्यांचं लुगडं, तिथे दिसलं पाहिजे. बैठकीत बहुतेकांच्या मनात लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या टाइल्स होत्या. मला तेवढं पुरेना.

गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड पुन्हा विणून घेतलं आणि फॅशनच्या मंचावर नेलं. कोलवाळला त्यांचं मोदा गोवा संग्रहालय आहे, ते आधी पाहून आले. मग गावड्यांच्या वाड्यावर गेले. तिथल्या एका मावशींनी कापड नेसून दाखवलं, खांद्यावर देठलीची गाठ मारली. नेसण आखूड, पोटऱ्या मोकळ्या. "बाय, लावणीला वाकल्यावर चिखल लागता नये," एवढंच त्या म्हणाल्या. कष्ट करणाऱ्या बाईच्या सोयीतून हे नेसण आलंय, मग चौकही तिच्याच सोयीचा हवा, हे माझं तिथेच पक्कं झालं.

घरी आणलेला तुकडा भिंगाखाली धरला. लालावर लाल धागा आला की गडद, लालावर पांढरा आला की फिका, आणि पांढऱ्यावर पांढरा फक्त पट्टे छेदतात तिथे. म्हणजे छटा तीन. बुद्धिबळाच्या पटाशी याचा काही संबंध नाही. जमिनीवर तेच उतरवलं: लाल पेव्हरचं (फरसबंदीच्या ठोकळ्यांचं) मैदान, पट्ट्यांत एक लाल एक पांढरा, छेदावर निव्वळ पांढरा. पट्ट्यांखाली खडी ठेवली, कारण इथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि ते पाणी मुरायला वाट हवी.

कंत्राटदाराला फरशीलाही चिरेच, म्हणजे जांभा दगडच, हवे होते. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेवर घट्ट होतो, हे खरं. पण पायाखाली झिजतो, पावसात शेवाळतो. डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईचा पाय तिथे घसरला असता. म्हणून चिरे कडेच्या सोप्यांना, म्हणजे बसायच्या कट्ट्यांना, वापरले, पाटी टेकवून बसता येईल अशा उंचीचे.

सगळ्यात जास्त भांडले ते मधल्या मोकळ्या पट्ट्यासाठी. पौषात गावच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव होतो, बायका समोरासमोर दोन रांगांत पुढे-मागे सरकतात. त्याला लांबी लागते. शहरात आलेल्या बायकांना तशी जागा कुठे आहे? तिथे कारंजं सुचवलं गेलं, मग पार्किंग. मी दोन्हींना नाही म्हटलं आणि मावशींना पुढच्या बैठकीला घेऊन गेले. त्यांनी रांगा कशा उभ्या राहतात ते चालून दाखवलं.

पार्किंग रस्त्याकडेला गेलं. मंजूर नकाशात मधला पट्टा रिकामा आहे.