‘त्रेचाळीस फूट’ : नववी प्लेटेस्ट आणि उपड्या पणत्या

गेल्या रविवारी मी रचत असलेल्या ‘त्रेचाळीस फूट’ या पुरावरच्या पटखेळाची नववी प्लेटेस्ट, म्हणजे खेळून घेतलेली चाचणी, झाली आणि पाणी अद्याप एक इंचही चढलेले नसताना टेबलाभोवतीचे चारही खेळाडू पहिल्यांदाच घाबरले. तीन महिने मी ज्या एका गोष्टीसाठी धडपडत होतो ती हीच असल्यामुळे आजची नोंद जवळजवळ सगळी पाण्याच्या मेकॅनिकविषयी, म्हणजे पाणी कसे चढते त्या नियमांविषयी आहे. होडीच्या नियमांना आणि पात्रपत्रकाच्या (खेळाडूच्या पात्राची माहिती असलेल्या कागदाच्या) नव्या मांडणीला शेवटी जागा उरली तर उरली.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना मूळ चौकट ठाऊक आहेच. खेळ सुरू होतो तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर असते. धोका पातळी 43 फुटांची. आणि मधल्या अठ्ठेचाळीस इंचांत खेळाडूंच्या पात्रांनी नदीकाठचे एक गाव रिकामे करायचे असते. पहिल्या चार चाचण्यांत सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, दर फेरीला एक डी-सिक्स (साधा सहा बाजूंचा फासा) टाकी आणि जेवढे दान पडेल तेवढे इंच पाणी चढे. कागदावर हे निर्दोष वाटले होते. टेबलावर मात्र ते इतके कंटाळवाणे ठरले की तिसऱ्या चाचणीत माझा धाकटा भाऊ फेरी चालू असताना क्रिकेटचा स्कोअर पाहू लागला. कारण साधे आहे आणि ते मला आधीच कळायला हवे होते. एका फाशाची सरासरी साडेतीन, त्यामुळे अठ्ठेचाळीस इंचांना सुमारे चौदा फेऱ्या लागतात, आणि चौदा फाशांची बेरीज सरासरीपासून फारशी दूर जातच नाही. साधारण सहा-सात इंच इकडे किंवा तिकडे, म्हणजे जेमतेम दोन फेऱ्यांचा फरक. एक फासा लहरी असतो, पण चौदा फासे मिळून सरकारी वेळापत्रकासारखे वागतात. पूर कधी येणार हे दुसऱ्या खेळापासूनच सर्वांना पाठ झाले होते.

यावर उपाय म्हणून मी ‘फुटणारा फासा’ आणला, म्हणजे सहा पडले की पुन्हा टाकायचे आणि बेरीज करत जायचे. याने सरासरी 4.2 वर गेली, लहरीपणाही वाढला, आणि सहाव्या चाचणीत दुसऱ्याच फेरीला सलग चार वेळा सहा आणि वर पाच असे एकोणतीस इंचांचे दान पडले. सलग चार षट्कारांची शक्यता 1296 मध्ये एक असते हे मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगत असताना वहिनींनी शांतपणे पात्रपत्रक दुमडून ठेवले आणि विचारले, “भावोजी, मग आम्ही बसून काय करायचं होतं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सव्वादोन फुटांहून अधिक पाणी कोणतीही चाहूल न देता आले, तर तो अपघात होतो, खेळ होत नाही.

त्यानंतर मी जी चूक केली ती या छंदातल्या बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असेल : खेळाडूंना काहीतरी करता यावे म्हणून मी त्यांच्या हातात नदीच देऊन बसलो. वाळूच्या पोत्यांची एक कृती ठेवली, जिच्यामुळे त्या फेरीचे दान एकाने कमी होई. आमच्या गटातील सिव्हिल इंजिनिअर मित्र ते वाचून बराच वेळ हसला आणि म्हणाला की पोत्यांनी फार तर एखादा उंबरठा वाचेल, पंचगंगेची पातळी त्यामुळे उतरणार नाही. त्याचे म्हणणे खरे होते. ज्यांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेलेले पाहिले आहे, त्यांच्यापुढे नदीला हरवण्याचा नियम ठेवणे मला पुढे लाजिरवाणे वाटू लागले. सातवी चाचणी मी तो नियम खोडूनच घेतली आणि ती अर्थातच पुन्हा कंटाळवाणी झाली.

वाट सापडली ती राधानगरीच्या दरवाजांमुळे. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि पावसाळ्यात ‘एक दरवाजा उघडला, 1428 क्युसेक विसर्ग’ ही बातमी आपण इतकी ऐकतो की तिच्यातला खेळ माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. दरवाजा उघडतो तिकडे दूर, आणि पाणी इथे येते काही तासांनी. या मधल्या तासांत शहरात काहीच घडलेले नसते, तरीही सगळे घडून चुकलेले असते. लोक पुलावर जाऊन पाणी पाहतात, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवतात. मला हवी असलेली भीती याच तासांत होती.

म्हणून आता पटावर ‘धरण’, ‘वाट’ आणि ‘बंधारा’ असे तीन चौकोन आहेत. फेरीच्या सुरुवातीला जितके दरवाजे उघडे तितके फासे टाकायचे, त्यांतला सर्वांत मोठा तेवढा ‘धरण’ चौकोनात ठेवायचा आणि आधीचे फासे एकेक चौकोन पुढे सरकवायचे. ‘बंधाऱ्या’तून बाहेर पडणारा फासा जेवढा असेल तेवढे इंच पाणी त्या फेरीत चढते. एका दरवाजाला सरासरी साडेतीन, दोनांना साधारण साडेचार, तीनांना पाचच्या किंचित खाली आणि साती दरवाजे उघडले तरी सहाच्या वर काही जात नाही. त्यामुळे पूर बेफाम होत नाही, पण तो गप्पही बसत नाही. दरवाजे स्वयंचलित असल्याने ते कधी उघडायचे हे ना खेळाडू ठरवतात ना सूत्रधार. पाणलोटातल्या पावसाचा पत्ता (कार्ड) ते ठरवतो. याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की सूत्रधाराला कोणी शिव्या देईनासे झाले. प्रत्यक्षात पाण्याला लागणारा वेळ मी खेळासाठी बराच आवळला आहे, हे जाणकारांनी समजून घ्यावे.

आठव्या चाचणीत ही रचना चालली, फक्त फारच चांगली चालली. पुढच्या तीन फेऱ्यांचे पाणी समोर मांडलेले दिसत असल्याने खेळाडू हिशेबनीस झाले आणि एका फेरीला पंचवीस मिनिटे लागू लागली. पूर आलेल्या गावात कोणी वहीत बेरजा करत बसत नाही. तेव्हा फासे झाकायचे ठरले. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाट्या उपड्या घालून पाहिल्या, पण त्या सरकवताना खणखण वाजतात आणि आतला फासा कलंडतो. मग माळ्यावरून गेल्या दिवाळीच्या पणत्या काढल्या. लहान, बारा मिलिमीटरचे फासे त्यांच्याखाली नेमके मावतात, माती टेबलावर सरकताना ओढल्यासारखा जड आवाज करते, आणि तो आवाज मला कोणत्याही विकतच्या सामानापेक्षा जास्त आवडला. आता ‘धरण’ आणि ‘वाट’ झाकलेले असतात आणि ‘बंधारा’ उघडा. झाकलेले दान पाहायचे असेल तर एका पात्राने त्या फेरीची आपली कृती फोन लावण्यात खर्च करायची. रविवारी चौथ्या फेरीला वहिनींनी अशी एक पणती उचलून पाहिली, काही न बोलता खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आधी शाळेतली पोरं बाहेर काढूया.” पटावरच्या पातळीच्या पट्टीवर पाणी तेव्हा होते तेवढेच होते.

पणतीला एकच खोट निघाली. वातीच्या चोचीपाशी फट राहते आणि त्या बाजूला बसलेल्याला फाशाचा कोपरा दिसतो. भावाने पूर्ण दोन फेऱ्या या फटीचा लाभ घेतल्याचे नंतर उघड झाले. चोच नेहमी सूत्रधाराकडे ठेवायची असा नियम मी लिहीत होतो, पण हे लिहितानाच वाटते आहे की ती फट राहू द्यावी आणि चोच ज्या खेळाडूकडे येईल त्याचा धरणाजवळ कोणी पाहुणा राहतो असे समजावे. त्याला अर्धवट कळेल, आणि अर्धवट कळलेले तो इतरांना सांगेल. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे एखादी पणती रिकामीच असू शकते. पुराच्या दिवसांत मोबाईलवर काय काय फिरते हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको; रिकामी पणती म्हणजे अफवा, आणि तिच्या भीतीने खर्च केलेली कृती परत मिळणार नाही. दहाव्या चाचणीसाठी मी होडीचे नियम पूर्ण करणार होतो, ते आता बाजूला ठेवून अफवाच आधी तपासतो.

म्हशी खेळात ठेवायच्या की नाहीत हा वादही मिटला, तोही माझ्या विरोधात. आमच्या गल्लीत दूध घालणारे चिखलीचे काका आठव्या चाचणीच्या वेळी दारात उभे राहून खेळ पाहत होते. “काका, बसा की,” असे मी दोनदा म्हटले, पण ते उभ्यानेच म्हणाले, “माणसं मोजालायस व्हय रं? आदी म्हसरं मोज. म्हसरं हलल्याबिगर माणूस घर सोडत न्हाई.” जनावरांचे पत्ते खेळ लांबवतात म्हणून मी ते काढून टाकणार होतो. आता प्रत्येक घराच्या कार्डावर गोठ्याचा आकडा आला आहे आणि तो शून्य झाल्याशिवाय घर रिकामे होत नाही. खेळ वीस मिनिटांनी लांबला, पण एकाही खेळाडूने तक्रार केली नाही.

सामानाबद्दल थोडेसे. स्वस्त लुडोचे फासे घेऊ नका. मी एका पुडीतले फासे मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून पाहिले, तर दोघांची तीच ती बाजू वर येत राहिली. तीनशे जीएसएमचा आर्ट कार्ड पत्त्यांना पुरेसा आहे, मात्र पावसाळ्यात एकाच बाजूने लॅमिनेशन केलेत तर पत्ते पापडासारखे वळतात. टोकनसाठी गुजरीत मिळणाऱ्या दागिन्यांच्या छोट्या झिप-पिशव्या सर्वांत उत्तम. पट मात्र पुन्हा छापावा लागणार आहे, कारण एका छपाईवाल्याने पातळीच्या पट्टीवर 39 च्या जागी 34 छापले आणि ‘कोण बघतंय’ असे वर सांगितले. कोल्हापुरात हा आकडा सगळे बघतात.

इंजिनिअर मित्राने जाता जाता आणखी एक काम लावले आहे. पाणी पात्राबाहेर पसरले की तोच एक इंच चढायला कितीतरी जास्त पाणी लागते, त्यामुळे 43 च्या पुढे फाशाचे पूर्ण दान मोजणे त्याला मान्य नाही. दान निम्मे केले तर बोटींचा टप्पा लांबेल, आणि पाणी उतरतानाचे नियम तर मी अजून लिहिलेलेच नाहीत; सध्या पणत्या फक्त एकाच दिशेने सरकतात. शिवाजी पुलाच्या कमानीशी पाणी भिडले की ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात, त्या क्षणाला पट्टीवर वेगळी खूण द्यावी असेही मनात आहे. तूर्त शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन चोच नसलेल्या चार आणि चोच असलेल्या चार पणत्या सांगून येतो आणि येत्या रविवारी दोन्ही प्रकारांनी तोच डाव खेळून पाहतो.