प्रश्न उद्भवत नाही

बुधवार, रात्री साडेदहा

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आमच्याकडे जेवणं उशिराच होतात. दादा वाट बघत बसलेला असतो. दार उघडलं की त्याचा पहिला प्रश्न, "आज काय झालं वं?" आज सांगण्यासारखं खरंच होतं. सरकारी कार्यालयात दिव्यांगांना तीनचाकीनं जाता येत नाही, यावर आम्ही लिहून दिलेला प्रश्न आमदारसाहेबांनी अधिवेशनात विचारला होता, त्याचं छापील उत्तर आलं.

दादाला बारावीपासून दिसत नाही. मोबाईल वाचून दाखवतो आणि तो ऐकतो. प्रश्नाचा पहिला मसुदा त्याचाच, म्हणून उत्तरही त्यालाच आधी कळावं असं मला वाटलं आणि फाईल त्याच्याकडे पाठवली. मोबाईल बोलू लागला तर नुसती इंग्रजी अक्षरं, मधूनच कंस, मधूनच डॉलर. फाईल जुन्या मराठी फॉन्टमधली होती. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, नसलं की वाचणारं सॉफ्टवेअर तीच बोलून दाखवतं. दोन मिनिटं त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाला, "तूच वाच." मला फार लागलं ते. दिव्यांगांच्या प्रश्नाचं उत्तर, आणि ज्यानं प्रश्न लिहिला त्यालाच ते वाचता येऊ नये.

मी वाचलं. सरकारी कार्यालयात तीनचाकीनं जाता येत नाही, हे खरे आहे काय? हे अंशतः खरे आहे. असल्यास, कोणती कार्यवाही केली? रॅम्प उपलब्ध आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रश्न उद्भवत नाही.

तो रॅम्प मी टेप लावून मोजलाय. पायऱ्या दोन, दोन्ही मिळून एक फूट उंची. एक फूट चढायचं तर उतार निदान बारा फूट लांब हवा. हा साडेचार फुटांचा आहे. वस्तीतल्या मावशींना हयातीचा दाखला द्यायचा होता तेव्हा त्यांचा मुलगा मागून लोटत होता आणि मी पुढून ओढत होते. अर्ध्यावर चाक मागं सरकलं. मावशींनी दोन्ही हातांनी चाकाची कडी घट्ट धरली, बोटांची पेरं पांढरी पडली. शेवटी कारकून स्वतःच बाहेर आला आणि त्यानं फुटपाथवर उभं राहून कागद घेतला. माणूस भला होता. पण मावशींनी दरवर्षी कुणाच्या भलेपणावर अवलंबून का राहायचं?

कायदा तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. जुन्या 1995 च्या कायद्यात सात प्रकारचं दिव्यांगत्व होतं, यात 21 आहेत. कलम 45 सांगतं, नियम निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या. नियम जून 2017 मध्ये निघाले. म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली.

या सगळ्यात दादाला सगळ्यात जवळचा वाटतो तो 8 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. याचिकाकर्ते राजीव रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित, याचिका 2005 ची. न्यायालय म्हणालं की 2017 च्या नियमांतला सुगमतेचा नियम 15 मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कारण कायदा सक्ती करतो आणि नियमातले निकष मात्र मार्गदर्शक सूचना होऊन बसले आहेत. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असा केंद्राला आदेश दिला. "असावे" आणि "असलेच पाहिजे" यांत एका माणसाचं आख्खं आयुष्य अडकतं, असं दादा म्हणतो. त्या निकालापासून मीही कुठलाही कागद वाचताना क्रियापदाशी थांबते.

मोर्च्यात भेटणारे बरेच जण विचारतात, ताई, यंदा आपला कायदा येणार का? मला दरवेळी सांगावं लागतं की मूळ कायदा संसदेचा आहे, तो झालेला आहे. राज्याच्या हातात असतात नियम, शासन निर्णय आणि पैसा. संजय गांधी निराधार योजनेचे दिव्यांगांना मिळणारे 1500 रुपये 2500 झाले, ते काही विधेयकानं नाही, मंत्रिमंडळाच्या निर्णयानं. महाराष्ट्रात 2022 पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभागही आहे. त्याला पुरवणी मागण्यांत, म्हणजे सरकार वर्षाच्या मध्ये विधिमंडळाकडे जादा पैसे मागतं त्यात, किती पैसे ठेवलेत ते पान उघडून बघा म्हटलं की लोक कंटाळतात. पण मोर्चे अडवतात त्या टी-पॉइंटवर दिवसभर उन्हात कुबड्या घेऊन बसल्यावर हातात निवेदनाची पोच घेऊन परत जायचं, त्यापेक्षा ते एक पान वाचलेलं बरं. मोर्चा नको असं मी म्हणत नाही. मोर्च्यात बसणाऱ्यांपैकी चार जणांना तरी ते पान वाचता यावं, एवढंच.

दुपारी झिरो माईलपासून चालत आमदार निवासात गेले. आमदारसाहेबांच्या पीएनं उत्तर बघितलं आणि म्हणाला, "रॅम्प आहे म्हणून लिहिलंय ना ताई, आता काय करता?" मी टेपची मोजमापं दाखवली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मार्चच्या अधिवेशनासाठी नवा प्रश्न द्या, मी पुढं ठेवतो. तिथून घरी येईपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. "असल्यास" आणि "नसल्यास" यांच्या फटीतून उत्तर निसटतं. ती फट आम्हीच ठेवली होती. नुसतं "कोणती कार्यवाही केली" असं विचारलं, तर रॅम्प आहे असं उत्तर येणारच.

जेवण झाल्यावर दोघं बसलो. दादानं सांगायचं, मी टाईप करायचं. पायऱ्यांची उंची किती, मोजणी कोणत्या दिनांकास केली, कोणी केली, कलम 45 ची मुदत संपली त्या दिवशी या इमारतीची स्थिती काय होती. "हे खरे आहे काय" एकाच जागी ठेवलं, सुरुवातीला, तेही आकड्यासकट.

मसुदा त्याच्या मोबाईलवर पाठवला, युनिकोडमध्ये. त्यानं आवाज वाढवला. मोबाईल स्वच्छ मराठीत म्हणाला, "उताराची लांबी किती फूट आहे." दादानं तिथंच थांबवलं. "रुंदीही टाक," म्हणाला.