आत्तीच्या मागं मागं

रविवार, रात्री पावणेअकरा.

पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून लिहितोय. डाव्या अंगठ्याशी टपोरा फोड आलाय.

नागपूरची आत्ती परवा आली. सकाळी मी गाडीची किल्ली उचलली तर म्हणाली, "ठेव ती. आपलं कोल्हापूर काय गाडीवरनं बघायचं गाव हाय व्हय?" तिचं वय अडुसष्ट. मी एक्केचाळीस, आणि कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायलाही किक मारणारा.

शुक्रवार पेठेतनं पंचगंगेचा घाट, तिथनं गंगावेस, पापाची तिकटी करत महाद्वार. सुट्टीमुळं अंबाबाईला रांग होतीच. दर्शन घेऊन आत्तीनं मला महाद्वारात उभं केलं आणि पाठ फिरवून मावळतीकडं बघायला लावलं. देवीचं तोंड पश्चिमेला. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं याच दारातनं, गरुड मंडपावरनं थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर वर. किरणोत्सव मी दरवर्षी मोबाईलवर बघतो. सूर्य नेमका कुठनं येतो, हे आज कळलं.

भवानी मंडपातनं चप्पल लाईनला गेलो आणि मी माती खाल्ली. करकर वाजणारी कापशी चप्पल घेतली आणि तिथंच पायात घातली. "अरे, तेल लावून चार दिवस घरात वापर आधी," आत्ती म्हणत होती. ऐकलं नाही.

बिंदू चौकात रोज सिग्नलला थांबतो, तेव्हा नजर आकड्यांवर असते, पुतळ्यांवर नाही. फुले आणि आंबेडकरांचे हे पुतळे 9 डिसेंबर 1950 चे, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. आजोबा त्या दिवशी गर्दीत होते म्हणे. मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच विचारलं नव्हतं.

खासबागेत आत्ती बोलायची थांबली. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून 1912 ला बांधलेलं कुस्तीचं मैदान, आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चं. ऑगस्ट 2024 मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. आत्तीनं पहिलं नाटक इथंच बघितलेलं, आईच्या मांडीवर. बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली. मीही गप्प. पाय ठणकत होता, पण तेव्हा ते बोलून दाखवायची लाज वाटली.

रंकाळ्याला पोचेस्तोवर मी चपला हातात घेतल्या होत्या. भेळ खाल्ली. शालिनी पॅलेसच्या मागं ऊन गेलं. येताना रिक्षा करूया म्हटलं, तर नुसती हसली.

परतताना गंगावेशीला दूधकट्टा. म्हैस समोर उभी, धार सरळ ग्लासात. ग्लासाच्या काचेला कोमट वाफ आणि वर बोटभर फेस. आत्तीनं एका दमात संपवला. वरच्या ओठावर पांढरी मिशी, तशीच गवळ्याला म्हणाली, "दादा, अजून एक द्या." नागपूरला असं मिळत नाही, हे तिनं त्याला दोनदा सांगितलं.

आता आत झोपलीय. झोपायच्या आधी म्हणत होती, उद्या पहाटे जोतिबाला चालत निघू.

गाडीची किल्ली कुठं ठेवलीय तिनं, सापडंना.