चालतं, पण सपोर्ट नाही

"फ्रीबीएसडी एवढं भक्कम आहे म्हणता, मग आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यावरच का टाकून देत नाही?" दादरचे सीए असोत की मस्जिद बंदरचे व्यापारी, माझं प्रत्येक गिऱ्हाईक कधी ना कधी हे विचारतंच. फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच फुकट मिळणारी, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ देणारे सर्व्हर तिच्यावर चालतात हे त्यांनी ऐकलेलं असतं (बहुधा माझ्याच तोंडून), त्यामुळे प्रश्नाला धार असते.

टाकता येतं. विकतचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा लिनक्ससाठी बांधलेली तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) म्हणून येतं, आणि फ्रीबीएसडीत लिनक्सच्या बायनरी चालवायची सोय आहे. पुष्कळ गोष्टी त्यावर बिनबोभाट चालतात. घोडं अडतं ते भलतीकडेच. इन्स्टॉलर सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) शोधतो, जे फ्रीबीएसडीवर नाहीच. लायसन्स तपासणारा प्रोग्राम प्रॉकमधली (लिनक्स जिथे सिस्टिमची माहिती दाखवतं त्या फोल्डरमधली) एखादी फाइल मागतो आणि रुसून बसतो. यावर तोडगे निघतात.

तोडगा नाही तो सपोर्टवर. विक्रेत्याकडे तक्रार नोंदवताना पहिलाच प्रश्न असतो: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, आवृत्ती कोणती? ते सपोर्ट देतात त्या सिस्टिमच्या यादीत ती नसेल, तर उत्तर ठरलेलं, "आधी यादीतल्या सिस्टिमवर हा दोष दाखवा." एका विक्रेत्याने मला हे ऐन मार्चअखेरीस ऐकवलंय. दोष रिपोर्टच्या बेरजेत होता, त्याचा ऑपरेटिंग सिस्टिमशी काडीचा संबंध नव्हता!

तेव्हा संतापलो होतो, पण त्यांचाही हिशेब चुकीचा नाही. यादीत एक सिस्टिम वाढली की प्रत्येक आवृत्ती त्यावर पुन्हा तपासायची, वेगळं पॅकेज बांधायचं, फोन उचलणारी माणसं तयार करायची. एवढं करून गिऱ्हाईक मूठभर. सीपॅनेल हे वेबसाइटचे सर्व्हर सांभाळायचं विकतचं सॉफ्टवेअर एकेकाळी फ्रीबीएसडीवरही मिळायचं. नंतर त्यांनी ते बंद केलं.

खुद्द फ्रीबीएसडीसाठी पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या कंपन्या आहेत, चांगल्या आहेत. पण त्या कर्नल (सिस्टिमचा गाभा), झेडएफएस (डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था), नेटवर्क बघतील. तुमच्या बिलातली बेरीज त्या बघणार नाहीत.

यादीतलं नावही कायमचं नसतं म्हणा. सेंटओएस 8 या लिनक्सला 2029 पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं की 2021 च्या अखेरीस ते संपणार. पळापळ झालीच. तरी सोबत गर्दी होती, म्हणून त्याच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी ही लिनक्स उभी राहिली आणि विक्रेत्यांनी त्यांची नावं यादीत घातली. कमी वापराच्या सिस्टिमवर अशी वेळ आली तर एकट्यानेच निस्तरायचं. लॅमिंग्टन रोडला सुटा भाग तासाभरात मिळेल. फ्रीबीएसडी येणारा माणूस नाही मिळणार.

म्हणून मी वाटणी केलीय. फायरवॉल, बाहेरच्या विनंत्या आधी झेलणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स आणि बॅकअप फ्रीबीएसडीवर, कारण तिथे विकतचं काहीच नाही. बिलिंग मागे, यादीतल्या लिनक्सवर. दोन सिस्टिम सांभाळायचा ताप माझा, गिऱ्हाइकाचा नाही.

जाता जाता आणखी एक सांगतो. सॉफ्टवेअर घेताना "लिनक्सवर चालतं" एवढ्यावर भागवू नका. कोणतं लिनक्स, कोणती आवृत्ती, सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारा. सेल्सवाला म्हणेल, "चालेल हो साहेब, काळजी नको." त्याला म्हणावं, हेच ईमेलवर पाठव.