‘बायका वेळेवर का येत नाहीत?’ – तुम्ही विचारलंत म्हणून

नागपूरला लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या सिस्टर विचारतात, आता माझी भाचीसुद्धा विचारते. गाडी फुकट, दवाखाना फुकट, वर पैसे मिळतात. तरी भामरागडकडच्या बायका बाळंतपणाला वेळेवर का येत नाहीत? अकरा वर्षं मी त्या तालुक्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स होते. आजवर ‘शिक्षण नाही हो’ म्हणून विषय संपवत आले. ते खरं नव्हतं.

आदिवासी भागात 3,000 माणसांमागे एक उपकेंद्र, 20,000 माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. सपाटीवरच्या गावांपेक्षा तो उदारच आहे. पण मोजलीत ती डोकी, वाट नाही. तेवढी माणसं जंगलातल्या पंधरा टोल्यांत, म्हणजे पाड्यांत, विखुरलेली असली की उपकेंद्र कुणाच्याच जवळ नसतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की खुद्द भामरागडचा संपर्क तुटतो, आतल्यांचं तर विचारूच नका. जिल्ह्याचं ठिकाण, गडचिरोली, तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात.

मग बाळंतपण घरीच नीट करा, असंही कुणी सुचवतं. बाळासाठी घरात खूप काही करता येतं, हे आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत दाखवून दिलं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि आज देशभरच्या आशा सेविका त्याच वाटेनं घरोघरी जातात. पण आईला रक्त घरात चढवता येत नाही. म्हणून तर आरोग्य केंद्राच्या आवारात ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आले की आधीच येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर नाला आडवा येत नाही.

त्या जुलैत मी एका टोल्यावर गेले तेव्हा दिवस भरत आलेली ती धानाच्या बांधीत रोवणी करत होती. तिसरी खेप, हिमोग्लोबिन अवघं 7.4. मी धुऱ्यावरूनच म्हटलं, उद्या माहेरघरात चल. पऱ्ह्यांची जुडी हातात धरून ती उभी राहिली. “रोवणी झाली का येतो, बाई.” घरी दोन लहान पोरं, सासूला दिसत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी आशाताईसमोर, तिच्या नवऱ्यासमोर मी तिला झापलं. “मेलीस तर रोवणी कोण करेल?” हे माझे शब्द. ती काही बोलली नाही, खाली वाकून रोवायला लागली.

बाराव्या दिवशी रात्री अकराला फोन आला. आशाताईच्या नवऱ्यानं टेकडी चढून रेंज पकडली होती. मूल झालंय, वार पडली नाही, रक्त थांबत नाही. मी गाडी घेऊन नाल्यापर्यंत गेले. थोड्या वेळानं पलीकडे चौघं खाट घेऊन आले. खाटेला बांबू बांधलेला, वर प्लास्टिकचा कागद. बॅटरीच्या उजेडात कागदाबाहेर आलेला तिचा एक पाय दिसत होता. मधलं पाणी चाळीस पावलांचं असेल. माझ्या पिशवीत रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिन होतं, सलाईन होतं. मी ओरडून सांगत होते, पोट चोळा, बाळाला छातीला लावा. पाण्याच्या आवाजात किती पोचलं कोण जाणे. पलीकडून कुणीतरी ओरडलं, “पाणी उतरते काय?” मी हो म्हटलं.

असं रक्त जायला लागलं की दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. पाणी उतरायला पाच तास लागले. छातीएवढ्या पाण्यातून त्यांनी खाट डोक्यावर धरून आणली. हाताला शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा तिनं हात आखडलासुद्धा नाही. ती वाटेत गेली. मूल जगलं.

माता मृत्यू अन्वेषणात उशीर कुठे झाला ते लिहावं लागतं: ठरवायला, पोचायला, की पोचल्यावर उपचार मिळायला. मी पहिल्यावर खूण केली. बोलावलं होतं, आली नाही. आजही मला ती खूण साफ खोटी वाटत नाही. ती आली असती तर बहुधा वाचली असती. आणि मी कडक बोलले म्हणून आलेल्या, वाचलेल्या बायकाही आहेत; त्यांची नावं मला पाठ आहेत. पण तिनं उशीर केला नव्हता, हिशेब केला होता. रोवणी हुकली तर वर्षाचं धान जाणार हे नक्की होतं. मरण नक्की नव्हतं. आधीची दोन्ही घरातच सुखरूप झाली होती. बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळतात, पण त्या पंधरवड्यात पैसे देऊनही रोवायला हात मिळत नाहीत. किती बांध्या उरल्यात, एवढंसुद्धा मी तिला विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या जावेला दिवस होते. मी माहेरघराचं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाही जमलं यायला, अन् नाल्याला पाणी असलं, तर तू येशील?”

मी येईन म्हटलं. जूनमध्ये माझी बदली झाली. अर्ज मीच केला होता, तिला शब्द दिला त्याच्याही आधी.