गव्हाचा दाणा मोजताना

संकरातून निघालेल्या गव्हाच्या ओळींतून (म्हणजे एकेका रोपापासून वाढवलेल्या संततींतून) टपोऱ्या, लांबट दाण्याच्या ओळी निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हाताशी व्हर्निअर कॅलिपर होता. दाणा चिमटीत धरायचा, आधी लांबी, मग रुंदी. पण शेकडो ओळींपुढे हे चालत नाही. शिवाय दुपारनंतर हाताचा दाब बदलतो आणि रुंदीचे आकडेही हलतात.

म्हणून फ्लॅटबेड स्कॅनर आणि चित्रावरून मापं काढणारं इमेजजे हे सॉफ्टवेअर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.०८५ मिमी, सहा-सात मिमीच्या दाण्याला तेवढं पुरतं.

खरा वेळ जातो तो स्कॅनच्या आधी. फोलपटं आणि कुसळांचे तुकडे पाखडून काढले नाहीत तर सॉफ्टवेअर त्यांनाही दाणे समजतं. दोन दाणे टेकले की त्यांचा एक लांबलचक दाणा होतो. सॉफ्टवेअरमधल्या वॉटरशेड या चिकटलेले आकार तोडणाऱ्या पद्धतीने ते सुटतात खरे, पण कधी चांगला लांब दाणाही मधोमध कापला जातो. त्यापेक्षा मी काचेवरच मऊ ब्रशने दाणे विलग करते. वर गडद कापड टाकलं की कडा स्वच्छ येतात. बहुतेक दाणे चीर खाली करून बसतात; काही कुशीवर पडतात, आणि त्यांची जाडीच रुंदी म्हणून नोंदली जाते. नमुना मोठा असला तर हे सरासरीत मुरतं.

नुसत्या क्षेत्रफळावर निवड करू नये, असं माझं ठाम मत झालंय. लांबी आणि रुंदी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या जनुकांच्या हाती असते. भातात लांबीचं जीएस३ हे जनुक २००६ मध्ये, तर रुंदीचं जीडब्ल्यू२ २००७ मध्ये समोर आलं. शिवाय स्कॅनरला दाण्याची एकच बाजू दिसते, तो किती भरलाय ते कळत नाही. दाणा भरताना उष्णता वाढली तर लांबी फारशी घटत नाही, पण दाणा सुरकुततो. म्हणून सगळे नमुने सारख्या ओलाव्यावर आणून हजार दाण्यांचं वजनही घेते.

नमुना नेहमी मुख्य फुटव्याच्या पूर्ण ओंबीचा. ओंबीच्या मधले दाणे मोठे, टोकाचे बारीक; मूठभर उचलले की हात आपोआप मोठ्यांकडे जातो. ओंबीतले दाणेही मोजावे लागतात, कारण दाणा वाढला की संख्या अनेकदा घटते. यंदाच्या सर्वांत टपोऱ्या ओळीत नेमकं तेच दिसलं. उत्पन्नाच्या चाचणीत ती घेतली नाही. संकरासाठी जनक म्हणून ठेवलीय.