गोळी घशातच राहते, कुटून दिली तर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर उत्तर. मायस्थेनिया ग्रेव्हिस असलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो: गोळी घशात अडकते, पाणी नाकातून परत येतं, मग सगळ्याच गोळ्या कुटून द्याव्यात का? काही कुटता येतात, काहींना हातही लावू नये. पण त्याआधी घड्याळ बघा. या आजारात स्नायू वापरले की थकतात, त्यामुळे एकच गोळी एका वेळी सहज उतरते आणि दुसऱ्या वेळी ठसका लावते.

या आजारात स्नायूंना तात्पुरती ताकद देणाऱ्या साध्या पायरिडोस्टिग्मिनचा असर 30 ते 45 मिनिटांत जाणवू लागतो आणि 3-4 तास टिकतो. सकाळी आदल्या रात्रीच्या डोसचा असर संपलेला असतो, म्हणून दिवसातली पहिली गोळीच सगळ्यात अवघड. सुदैवाने साधी 60 मिग्रॅची गोळी कुटता येते. चव कडू असते, चमचाभर श्रीखंडात ती झाकली जाते. बाकीच्या गोळ्या त्यानंतर पाऊण तासाने. आणि ‘जेवणानंतर’ लिहिलेली स्टेरॉइडची गोळी जेवण संपेपर्यंत ठेवू नका. पोळी चावून चावून घसा तोवर दमलेला असतो. चार-सहा घास मऊ भात पोटात गेला की मध्येच द्या.

आता पाणी. पातळ पाणी जिभेवरून झर्रकन खाली जातं, कमजोर स्नायूंना श्वासनलिका झाकायला तेवढा वेळ मिळत नाही, आणि गोळी मात्र जिभेच्या मुळाशीच बसून राहते. मग ती ढकलायला अजून पाणी, आणि ठसका. मान मागे टाकून घोट घेण्याची सवय तर इथे घातकच. त्याऐवजी पाणी निथळलेलं घट्ट दही किंवा गुळगुळीत कुस्करलेलं केळं घ्या. श्रीखंडात चारोळी-पिस्ता नको.

खुर्चीत ताठ बसवा, टीव्ही बंद, गप्पा बंद. तोंड कोरडं असेल तर आधी ओलं करा, नाहीतर गोळी टाळूला चिकटते. छोट्या चमच्यात अर्धा चमचा दही, त्यात एकच गोळी पूर्ण बुडवलेली. चमचा जिभेच्या मधोमध टेकवा, ओठ मिटू द्या, मग गिळणं, आणि लगेच दुसऱ्यांदा नुसतंच गिळणं. हनुवटी छातीकडे झुकवण्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ते ठरवून घ्या. शेवटी ‘आऽ’ म्हणायला लावा. आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा आला तर काहीतरी घशात राहिलंय: खाकरून पुन्हा गिळायला सांगा, तोवर पुढची गोळी नाही. नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

कुटण्याबद्दल. पट्टीवर एसआर, ईआर, एक्सआर, सीआर असं काही असेल तर नाही. या औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या, त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. 180 मिग्रॅची पायरिडोस्टिग्मिन याच जातीची. पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असलेली अॅसिडिटीची पँटोप्रॅझोलही नको. अॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घरी कुटू नका, त्यांची पूड कुटणाऱ्याच्या अंगात जाणं धोक्याचं असतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पाण्यात विरघळणाऱ्या गोळीतही मिळतं, पण ते पाणी घट्ट करून घ्यावं लागेल. थायरॉक्सिन, लोह आणि डॉक्सिसायक्लिन दह्यातून देऊ नका, कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाहीत. स्टेरॉइडमुळे हाडांसाठी अॅलेंड्रोनेट लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना गिळण्याची अडचण आवर्जून सांगा. ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते आणि दह्यातूनही चालत नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक आम्ल हा पर्याय असतो.

घसा खवखवतोय म्हणून मेडिकलमधून परस्पर अॅझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स आणणं टाळा, दोन्हींमुळे हा आजार बळावू शकतो. चुकलेला डोस दुप्पट करून भरून काढू नका. पायरिडोस्टिग्मिन जास्त झालं की लाळ वाढते आणि गिळणं आणखी बिघडतं.

स्वतःची लाळही गिळता येत नसेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, किंवा एका श्वासात 20 पर्यंतही मोजता येत नसेल, तर तोंडातून काहीही न देता 108 ला फोन करा.